परदेशची पंगत आणि परका धूर

कोल्हापूरच्या एकाद्या कुटुंबाचा परदेशप्रवास ठरला, म्हणजे घरांतील पहिली चर्चा बहुधा जेवणाची असते. तेथें भाकरी मिळेल काय, शाकाहारी मंडळींनीं काय खावें, तिखटावांचून आठ-दहा दिवस कसे काढावेत, या प्रश्नांचा खल तिकिटें हातीं येण्यापूर्वींच सुरू होतो. भडंगाच्या पुड्या, कांदालसूण चटणी, लोणच्याची बरणी आणि औषधांची पिशवी ही सामग्री कपड्यांच्या आधीं पेटींत जाते. परंतु ताटांत काय पडेल याची एवढी काळजी वाहणारें हें कुटुंब, तें ताट ज्या खोलींत मांडलें जाणार तेथील हवा कशी असेल याचा विचार सहसा करीत नाहीं. आजी दमेकरी असते, नातू तीन वर्षांचा असतो, सून गरोदर असते. दिवसभराच्या पायपिटीनंतर सारीं मंडळी एका सुरेख भोजनगृहांत शिरून बसतात, जेवण मागवितात, आणि मग शेजारच्या टेबलावरून सिगारेटचा धूर सरळ ताटावर येऊं लागतो. मागविलेलें अन्न टाकून उठतां येत नाहीं, आणि तेथें बसवतहि नाहीं. परदेशांत हा प्रसंग टाळतां येतो. मात्र त्यासाठीं तेथील कायद्याची आणि रीतीची थोडी ओळख असावी लागते.

हा प्रश्न घरीं बसून सुचत नाहीं याला दोन कारणें आहेत. पहिलें कारण लोकांच्या संवयीचें. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची जी देशव्यापी पाहणी २०१६-१७ सालीं झाली, तींत महाराष्ट्रांत विडी-सिगारेट ओढणारांचें प्रमाण शंभरांत चारांहूनहि कमी आढळलें. तंबाखू चघळणारे मात्र शंभरांत सुमारें चोवीस होते. म्हणजे तंबाखू या प्रांताला परकी नव्हे. कोल्हापूरपासून चाळीसेक किलोमीटरांवर असलेली निपाणी ही तर विडीच्या तंबाखूची जुनी आणि नामांकित पेठ. परंतु येथें ती अधिक करून तोंडांत राहते. तिचे दुष्परिणाम भयंकर आहेत, तरी खाणाराची तंबाखू शेजाऱ्याच्या ताटांत उतरत नाहीं. युरोपांत आणि पूर्व आशियांत तंबाखू मुख्यतः जळते, आणि जळणाऱ्या तंबाखूला शेजार चुकत नाहीं.

दुसरें कारण कायद्याचें. केरळच्या उच्च न्यायालयानें १९९९ सालीं सार्वजनिक जागीं धूम्रपान करण्यास मनाई केली. पुढें मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २ नोव्हेंबर २००१ रोजीं देशभरासाठीं तसाच आदेश दिला. त्या आदेशांत रुग्णालयें, शाळा, ग्रंथालयें, न्यायालयें, कचेऱ्या आणि आगगाड्या होत्या. भोजनगृहांचें नांव त्या यादींत नव्हतें. तें आलें २००३ च्या कायद्यांत. २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम अमलांत आले, त्यांनीं या कायद्याला धार आणली. दारावर साठ सेंटिमीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद पाटी लावावी, मनाईच्या जागीं राखदाणी किंवा काडेपेटी ठेवूं नये, असें त्या नियमांत सांगितलें आहे. तीस किंवा त्याहून अधिक माणसांची बैठक असलेल्या भोजनगृहासच धूम्रपानासाठीं निराळी जागा राखतां येते. तीहि जमिनीपासून छतापर्यंत भिंती असलेली, आपोआप बंद होणाऱ्या दाराची आणि आंतील हवा परस्पर बाहेर टाकणारी असावी लागते. कोल्हापूरच्या गल्लीबोळांतील मिसळीचीं दुकानें आणि तांबडा-पांढरा रस्सा वाढणाऱ्या लहान खाणावळी यांत बहुतेकांची बैठक तिसांच्या आंतली. तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें या लहान जागा सर्वांत कडक ठरतात. तेथें सिगारेटला मुळींच वाव नाहीं.

याच अनुभवावरून येथील माणसाच्या मनांत दोन-तीन समजुती नकळत रुजतात. लहान आणि घरगुती जागा निर्धोक. आंत कोंदट वाटलें तर बाहेर मोकळ्यावर बसावें. आणि ‘धूम्रपान न करणारांसाठीं वेगळी व्यवस्था’ असली म्हणजे झालें. परदेशांत नेमक्या या तीन समजुतीच दगा देतात.

त्या कशा दगा देतात हें पाहण्यापूर्वीं धुराचा स्वभाव समजून घ्यावा. सिगारेट ओढणारा जो धूर छातींत घेऊन बाहेर सोडतो, तो खोलींतील धुराचा लहान भाग असतो. मोठा भाग दोन झुरक्यांच्या मधल्या वेळांत पेटत्या टोंकाकडून परस्पर हवेंत जातो, आणि या धुराला सिगारेटच्या बुडाशीं असलेल्या गाळणीचाहि अडसर नसतो. त्यांतील कण इतके सूक्ष्म असतात कीं, ते लवकर खालीं बसत नाहींत. दिसेनासे झाल्यावरहि तासन्‌ तास हवेंत तरंगत राहतात. या धुरांत हजारों रासायनिक द्रव्यें असतात आणि त्यांपैकीं साठांहून अधिक कर्करोगकारक आहेत. जपानी संशोधक ताकेशी हिरायामा यांनीं १९८१ सालीं असें दाखवून दिलें कीं, स्वतः कधीं सिगारेट न ओढणाऱ्या, पण पति पुष्कळ सिगारेटी ओढणारा असलेल्या स्त्रियांत फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण अधिक असतें. त्या वेळीं या निष्कर्षावर मोठा वाद झाला. पुढील संशोधनानें मात्र त्यास पुष्टीच मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें परक्याच्या धुराची गणना माणसाला कर्करोग उत्पन्न करणाऱ्या गोष्टींत केली आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ सालच्या अहवालांत अमुक इतका धूर निर्धोक अशी मर्यादाच नाहीं, असा निर्वाळा आहे.

याचा अर्थ एका रात्रीच्या जेवणानें निरोगी माणसास कर्करोग होईल असा नव्हे. उगाच भय घालण्यांत हंशील नाहीं. परंतु दमेकऱ्याला एका बैठकींत धाप लागूं शकते, हृदयविकार असलेल्याच्या रक्तवाहिन्यांवर धुराचा परिणाम थोड्याच वेळांत होतो, आणि लहान मुलांचे कान, घसा व छाती यांस तो विशेष बाधतो. घरापासून सहस्रावधि मैलांवर, भाषा न येणाऱ्या गांवीं, रात्रीं डॉक्टर शोधण्याची वेळ येणें ही कांहीं लहान आपत्ति नव्हे.

आतां समजुतींपैकीं शेवटची प्रथम घेऊं. एकाच दालनाच्या एका भागांत ओढणारे आणि दुसऱ्या भागांत न ओढणारे बसविणें म्हणजे, पाण्याच्या एकाच हौदांत एका कडेला कपडे धुवून दुसऱ्या कडेनें पिण्याचें पाणी भरण्यासारखें आहे. पंखे आणि वातानुकूलन यांनीं वास कमी होतो. ते कण मात्र पूर्णपणें जात नाहींत. हा धडा कांहीं देशांनीं अनुभवानें घेतला. स्पेननें २००६ सालीं मोठ्या भोजनगृहांस स्वतंत्र विभाग करण्यास सांगितलें आणि शंभर चौरस मीटरांहून लहान जागांच्या मालकांस निवड करण्याची मुभा दिली. बहुतेक लहान मालकांनीं सिगारेटच निवडली, आणि शेवटीं २ जानेवारी २०११ पासून सर्वच भोजनगृहांत पूर्ण बंदी करावी लागली. ऑस्ट्रियानेंहि दशकभर विभागांचा प्रयोग करून १ नोव्हेंबर २०१९ पासून पूर्ण बंदीचा मार्ग धरला. म्हणून ‘आमच्याकडे दोन्ही विभाग आहेत’ असें उत्तर कोठें मिळालें, तर मधें भिंत आणि दार आहे काय, हा पुढला प्रश्न विचारलाच पाहिजे.

लहान जागा निर्धोक ही समजूत सर्वांत अधिक फसते ती जपानांत. तेथें १ एप्रिल २०२० पासून भोजनगृहांच्या आंत सामान्यतः बंदी आहे. परंतु त्या दिवसापूर्वींपासून चालत आलेल्या, गिऱ्हाइकांची जागा शंभर चौरस मीटरांपर्यंत, म्हणजे सुमारें १,०७५ चौरस फूट, आणि भांडवल पांच कोटी येनांपर्यंत असलेल्या दुकानांस सूट आहे. मालकाची इच्छा असेल तर तेथें सिगारेट चालते. म्हणजे भारतांत जी जागा सर्वांत कडक, नेमकी तीच तेथें सर्वांत सैल. राजधानी तोक्यो शहरानें आपला नियम अधिक कडक केला असून, जेथें पगारी नोकर आहेत अशा दुकानांस ही सूट दिलेली नाहीं. धूम्रपान चालणाऱ्या जागेंत वीस वर्षांखालील कोणासहि जातां येत नाहीं, आणि तशी पाटी दारावर लावणें मालकावर बंधनकारक आहे. मुलें बरोबर असलेल्या कुटुंबास ही पाटी मोठी उपयोगी पडते. तापवून ओढावयाच्या नव्या तऱ्हेच्या तंबाखूसाठीं मात्र कांहीं भोजनगृहांत निराळी खोली असते आणि तींत जेवतांहि येतें. टेबल मागतांना ही खोली नको असें स्पष्ट सांगावें.

स्वित्झर्लंडचा मध्यवर्ती कायदा २०१० सालापासून आहे. पण ऐंशी चौरस मीटरांपर्यंतच्या जागांस सूट देणें न देणें त्यानें तेथील प्रांतांवर सोपविलें आहे. जर्मनींत हा विषय घटक राज्यांकडे आहे. बव्हेरिया राज्यांत जनमताचा कौल घेऊन १ ऑगस्ट २०१० पासून कडक बंदी झाली. म्युनिकला जाणारा प्रवासी निश्चिंत राहूं शकतो. बर्लिनमध्यें मात्र, जेथें अन्न शिजवून दिलें जात नाहीं आणि अठरा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाहीं, अशा लहान मद्यगृहांस सूट आहे. एकाच देशांत शहर बदललें कीं नियम बदलतो, याचें कोल्हापूरकरास नवल वाटण्याचें कारण नाहीं. भारतांत मूळ कायद्याप्रमाणें सार्वजनिक जागीं ओढणारास दोनशें रुपयांपर्यंत दंड आहे. निपाणी ज्या राज्यांत आहे त्या कर्नाटकानें २०२५ सालीं तो हजार रुपयांवर नेला.

राहिली मोकळ्यावर बसण्याची गोष्ट. पॅरिसच्या पदपथावरील टेबलें चित्रांत पाहून पुष्कळांस तेथें बसण्याची हौस असते. फ्रान्सनें २००८ च्या आरंभापासून भोजनगृहांच्या आंत बंदी केली, त्याबरोबर सारे ओढणारे बाहेरच्या टेबलांवर आले. वर छत असलें तरी समोरची बाजू पूर्ण उघडी असली, तर ती जागा कायद्यानें बाहेरचीच ठरते. २०२५ च्या उन्हाळ्यांत बागा, समुद्रकिनारे आणि बसथांबे यांवर बंदी आली, तेव्हांहि उपाहारगृहांचीं बाहेरचीं टेबलें वगळण्यांत आलीं. म्हणून पॅरिसमध्यें स्वच्छ हवा हवी असणारानें बाहेर न बसतां आंत जावें, असा उलटा नियम आहे. दुबईंतहि हुक्का बहुधा उघड्या गच्चीवर दिला जातो. तेथील आंतलें दालन अधिक बरें.

सर्वच देशांत असें नाहीं. स्वीडननें १ जुलै २०१९ पासून बाहेरच्या टेबलांवरहि बंदी केली. इटलींतील मिलान शहरांत १ जानेवारी २०२५ पासून रस्त्यावर किंवा मोकळ्या जागींहि इतरांपासून दहा मीटर दूर गेल्यावांचून ओढतां येत नाहीं. मलेशियांत २०१९ पासून उघड्यावरील खाद्यगृहांतसुद्धां मनाई आहे. आणि तोक्योंतील चियोदा विभागांत एक विलक्षण विसंगति होती. तेथें २००२ पासून रस्त्यांवर सिगारेट ओढणारास दंड होत असे, आणि दुकानाच्या आंत ओढणारास कोणी हटकत नसे. रस्ता स्वच्छ आणि खोली धुरकट, असा हा प्रकार पुढें अठरा वर्षें चालला.

कायदा पुस्तकांत असणें आणि टेबलावर असणें यांतहि अंतर असतें. ग्रीसमध्यें बंदी २०१० सालींच झाली होती. तिची अंमलबजावणी कसोशीनें सुरू झाली ती २०१९ च्या अखेरीस. उलट आयर्लंडनें २९ मार्च २००४ रोजीं मद्यगृहांसह सर्व कामाच्या जागा धूरमुक्त करणारा जगांतील पहिला देश होण्याचा मान मिळविला, आणि तेथें नियम पहिल्या दिवसापासून पाळला गेला. इंग्लंडमध्यें १ जुलै २००७ पासून बंदी आहे. मात्र भारतांत २०१९ पासून विक्रीस मनाई असलेली विजेची सिगारेट तेथील त्या कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं. तिची वाफ चालू द्यावी कीं नाहीं, हें मालक ठरवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालाप्रमाणें जगांतील सुमारें चाळीस टक्के देशांत सार्वजनिक जागांचा आंतील भाग पूर्णपणें धूरमुक्त झाला आहे. उरलेल्या साठ टक्क्यांत प्रवाशानें स्वतःच चौकशी केली पाहिजे.

ही चौकशी करण्यास कांहीं परके शब्द ओळखीचे असावेत. स्पेनमध्यें पाटीवर ‘प्रोहिबिदो फुमार’, इटलींत ‘व्हिएतातो फुमारे’ आणि फ्रान्समध्यें ‘अँतेर्दी द फ्युमे’ असें लिहिलेलें आढळतें. तिन्ही शब्द लॅटिनमधील ‘फूमुस्’ या शब्दापासून झाले, आणि तो आपल्या ‘धूम’ शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे. हें नातें ध्यानीं ठेवलें कीं शब्द विसरत नाहींत. जर्मन भाषेंत ‘राउखर’ म्हणजे ओढणारा आणि ‘निश्टराउखर’ म्हणजे न ओढणारा. आरंभींचा ‘निश्ट’ वाचावयाचा राहिला तर भलत्याच खोलींत पाऊल पडतें. जपानींत ‘किन्‌एन्’ म्हणजे मनाई आणि ‘कित्सुएन्’ म्हणजे धूम्रपान. लिहितांना दोहोंचें शेवटलें अक्षर एकच असल्यामुळें घाईंत घोटाळा होतो. मनाईच्या पहिल्या अक्षराच्या माथ्यावर दोन झाडें शेजारीं-शेजारीं उभीं असल्यासारखी आकृति असते. तीं दोन झाडें दिसलीं कीं निर्धास्त आंत शिरावें.

याखेरीज पथ्यें साधीं आहेत. टेबल दूरध्वनीवरून राखून ठेवतांना किंवा दारांतच, बसण्यापूर्वीं, विचारावें; जेवण मागविल्यावर केलेल्या तक्रारीला मालकाजवळ उपाय उरत नाहीं. टेबलावर राखदाणी आहे काय हें पाहावें, कारण पाटीपेक्षां राखदाणी अधिक खरें बोलते. ‘धूम्रपानाची खोली कोठें आहे?’ असें विचारलें, तर तिच्यापासून दूर कोठें बसावें तें आपोआप कळतें. जेथें मद्य हा मुख्य व्यवहार आहे तेथें मुलांस घेऊन जाऊं नये. आणि गर्दीच्या वेळेपूर्वीं, सायंकाळीं लवकर जेवून घ्यावें. जेथें कायद्यानें मुभा आहे तेथें ओढणाऱ्या शेजाऱ्याशीं हुज्जत न घालतां जागा बदलून मागावी. तो आपल्या देशाच्या रीतीनें वागत असतो, आणि पाहुण्यानें यजमानाच्या घरीं भांडूं नये हें येथें कोणास शिकवावें लागत नाहीं.

प्रवासी तासाभरानें उठून जातो. जो वाढपी त्याच खोलींत सकाळपासून रात्रींपर्यंत ताटें उचलतो, त्याला उठून जातां येत नाहीं. कॅनडाच्या ऑटावा शहरांत हेदर क्रो नांवाच्या बाईंनीं सुमारें चाळीस वर्षें भोजनगृहांत वाढण्याचें काम केलें. त्यांनीं आयुष्यांत सिगारेट ओढली नव्हती. तरी त्यांस फुप्फुसाचा कर्करोग झाला. हा कामावरील धुराचाच परिणाम होय हें मान्य होऊन त्यांस नुकसानभरपाई मिळाली. उरलेलें आयुष्य त्यांनीं कामाच्या जागा धूरमुक्त व्हाव्यात म्हणून देशभर हिंडून बोलण्यांत घालविलें, आणि २००६ सालीं त्यांचें निधन झालें. आयर्लंडचा कायदा झाला तोहि गिऱ्हाइकांच्या सोयीसाठीं नव्हे, तर काम करणारांच्या रक्षणासाठीं. म्हणून परदेशांत ‘येथें धूर चालतो काय?’ असें जो विचारतो, तो आपल्या नातवाबरोबर तेथील अनोळखी वाढप्याचीहि बाजू घेत असतो. असे विचारणारे वाढले कीं मालकास हिशेब कळूं लागतो.

हाच प्रश्न कोल्हापुरांतहि विचारला जातो. अंबाबाईच्या दर्शनास, पन्हाळा पाहण्यास किंवा नुसत्या रश्श्याच्या ओढीनें येणारें कुटुंब येथें परगांवचेंच असतें, आणि त्याच्याहि बरोबर एकादी दमेकरी आजी असते. दारावरची साठ सेंटिमीटरांची पाटी धुळीनें झांकली असेल, गल्ल्यावरचाच माणूस विडी ओढीत बसला असेल, तर चांगला कायदा त्या कुटुंबाच्या कांहींच उपयोगी पडत नाहीं. पाटी पुसून ठेवणें आणि कोणी पेटविली तर त्यास सौम्य शब्दांत उठविणें, एवढेंच काम मालकाकडे आहे. परदेशांत जाऊन आलेल्या मंडळींनीं तेथील इमारतींचें आणि रस्त्यांचें वर्णन करतांना, कोणत्या गांवीं धुरावांचून जेवलों आणि तें कशामुळें, हेंहि चार लोकांस सांगावें. पुढें जाणाराच्या तें कामीं येईल, आणि येथील पंगतीसहि.